एक रेघ

विट्याच्या आयटीआयला बाहेरचा परीक्षक म्हणून
इस्लामपूरहून सकाळच्या एसटीनं आलो.
पिशवीत माझा स्वतःचा व्हर्नियर,
फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला,
कुणाच्या हातात न देण्याच्या सवयीनं.

फिटर ट्रेड. वीस जण, त्यांत तीन पोरी.
नऊ वाजता प्रत्येकाला तेच लोखंड,
तेच ड्रॉइंग, तेवढेच तास.
चाळीस मिलिमीटर, अधिक-उणे शून्य पॉइंट शून्य चार.
"आज आसामातसुद्धा हाच तुकडा घासतायत बरं का,"
प्राचार्य म्हणाले, आणि चहा सांगितला.

खिडकीबाहेर मागांची खडखड,
तिच्यात कानशींचं काय ऐकू येणार?
मी फेऱ्या मारत राहिलो.
गुणांच्या तक्त्यात रकाने होते:
माप, काटकोन, पृष्ठभाग, जुळणी.
पायात बूट आहेत का, यालाही दोन गुण.

साडेअकराला वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले
आणि हॉलमध्ये उरल्या वीस कानशी.

तीस वर्षं ऐकतोय.
पाठ फिरवून सांगतो:
हा घाईत आहे.
ह्याची कानस डोलते, कड गोल होणार.
ह्यानं खडू लावलेला नाही.
हा नुसता वेळ घासतोय.
आणि कोपऱ्यातून एक आवाज
लांब, जाताना भरून, येताना हलका,
कुठं थांबायचं ते निघतानाच ठरलेला.

वळून बघितलं. बाक सतरा. सानिका हसबे.
तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.
आवाजाला रकाना नव्हता.

पाचला जॉब जमा झाले, नंबर ठोकून.
सतरा हातात घेतला.
नर मादीत बसवला, उजेडाकडं धरला:
फटीतून काही आलं नाही.
गुण्या लावला. बरोबर.
मग व्हर्नियर.
एकोणचाळीस पॉइंट चौऱ्याण्णव.
पुसून पुन्हा.
एकोणचाळीस पॉइंट चौऱ्याण्णव.

शहाण्णवला बाराच्या बारा गुण,
चौऱ्याण्णवला भोपळा. मधे एक रेघ.

जबडा किंचित सैल धरला
तर रेघ सरकते. माझ्या अंगठ्याला ते येतं.
एकोणनव्वद साली माझ्या जॉबवर
कुणी ती सरकवली होती का,
हे मला अजून माहीत नाही.
प्रमाणपत्र भिंतीवर आहे.

ती पुढं येऊन उभी राहिली.
"चौऱ्याण्णव आहे सर. मला तीनलाच कळलं."
"मग?"
"मग काय. घासलेलं परत चिकटत न्हाई."
नखाखाली निळं, केसांत लोखंडाची चमक.
"वडील कोइमतूरला गलाईत असतात," असंच, न विचारता.
"ते म्हणतात, कस बघताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.
चौऱ्याण्णव लिहिलं. त्याच्यापुढं शून्य.
शून्य जरा वाकडं आलं,
माझं एरवी येत नाही.

सगळी पोरं गेली, डबे वाजवत.
ती मात्र व्हाइसखाली गुडघ्यावर बसून
ब्रशनं कीस गोळा करत होती, कागदावर,
फरशीच्या सांध्यातलासुद्धा.
"अगं, लोखंडाचा आहे तो."
"म्हाईत आहे सर. आमच्यात केर टाकत न्हाईत."

कुंडलच्या थांब्यावर गाडी बराच वेळ उभी राहिली.
मी फडकं सोडलं, जबडे मिटवले,
खिडकीतून उरलेल्या उजेडाकडं धरून बघितलं:
शून्यावर शून्य.
हत्यारात खोट नव्हती.

परत गुंडाळला.
नेहमीपेक्षा घट्ट.